ओल्या पंच्यातलं चीज

बाबा नारायण पेठेत एकटे राहतात, मी विश्रांतवाडीत. आई गेल्यावर आमचं ठरलं होतं: स्वयंपाकघर सांभाळता येतंय तोवर त्यांनी तिथेच राहायचं, आणि ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी निमूट माझ्याकडे यायचं. त्यामुळे दर रविवारी मी जाते ती लेक म्हणून कमी आणि इन्स्पेक्टर म्हणून जास्त. हे त्यांचंच म्हणणं.

भावाने परदेशातून आणलेला कडक चीजचा ठोकळा मी त्यांच्याकडे ठेवला होता. बटर पेपरमध्ये सैल गुंडाळा, भाजीच्या कप्प्यात ठेवा, बुरशीचा ठिपका दिसलाच तर भोवतीचं बोटभर कापून टाका, असं दोनदा बजावलं होतं. बाबांनी मान डोलावली आणि ठोकळा कोथिंबिरीसारखा ओल्या पंच्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घट्ट बंद केला.

त्या रविवारी गाडी लावून वर आले. तोंडावरचा स्कार्फही सोडला नव्हता, तेवढ्यात त्यांनी डबा पुढे केला. पंचा उलगडला आणि माझं डोकंच फिरलं. बुरशी नावालाही नव्हती, पण ठोकळा बुळबुळीत झाला होता आणि वास थेट सार्वजनिक मुतारीचा. स्कार्फमधूनही नाकाला झोंबला. बाबांनी वाकून नेहमीसारखा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "उत्तम आहे. किसायला घे."

या माणसाच्या नाकावर आमचं घर चाललं. दूध नासायच्या आधी यांना कळायचं. यांनी हुंगल्याशिवाय कालची आमटी पानात पडायची नाही. मला वाटलं, चूक कबूल करायची नाही म्हणून हट्टाला पेटलेत. मी वाट्टेल ते बोलले. आणि बोलता बोलताच शंका आली, यांना वास येतच नसेल तर? हिंगाची डबी उघडली, त्यांना डोळे मिटायला लावले आणि डबी नाकाशी धरली. ते म्हणाले, चीजच की, किती वेळा विचारशील?

मी डबी ओट्यावर ठेवली. समोर गॅसची शेगडी होती. एवढ्या थंडीत खिडकी सताड उघडी, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, पावसाळ्यात ताप आला होता, तेव्हा गेलेला वास परत आलाच नव्हता. प्रत्येक चहानंतर ते रेग्युलेटर बंद करत होते, उरलेलं दूध रोज ओतून देत होते. मला सांगितलं असतं तर मी त्यांना घेऊन गेले असते, म्हणून चार महिने गप्प. मला भयंकर राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"मग दर रविवारी हुंगून सांगता ते काय?" मी विचारलं.

बाबा डब्याचं झाकण लावत राहिले. ते काही नीट बसेना.

"तुझं तोंड बघून सांगतो," ते म्हणाले. "आज स्कार्फ होता."

मी स्कार्फ सोडला. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि माळ्यावरची बॅग काढायला स्वतःच स्टूल ओढलं.