दोन ठोक्यांमधली जागा

“तू ढोल वाजवतोस की भात झोडतोस, ते एकदा सांग मला.”

“वाजतोय ना? मग झालं.”

“ढोल वाजतोय. माझी सनई कुठं वाजतेय? मी गाल फुगवून मरतोय आन् बायका म्हणतात, भिकूदादाची दाढ दुखतेय वाटतं.”

“मग जोरात फुंक.”

“कुशाबा, भावाच्या पोरीची हळद हाय. आज तरी तो सोटा ठेव आन् वेताचं टिपरू घे.”

“ज्याला सोटा सोसत नाय त्यानं दुसरा ढोलवाला बघावा.”

“बघितलाय,” भिकू म्हणाला. “सहदेव मांडवाबाहेर उभा हाय. वैनीनं हो म्हटलं की ढोल त्याच्या गळ्यात.” आणि तो तणतणत घरात गेला.

कुशाबा मांडवाच्या मेढीला टेकून बसून राहिला. हातात खैराचं टिपरू, गाडीच्या खुंट्याएवढं जाड. भाऊ भागोजी गेल्यावर त्याच्या पोरीला, प्रयागला, यानंच सांभाळलं होतं. तिच्या हळदीला दुसऱ्या कुणी ढोल वाजवायचा, हे त्याला गिळवत नव्हतं. आणि वेताचं टिपरू हातात घ्यायचं, हेही.

एके काळी कापडे गावापासून महाडपर्यंत कुशाबाच्या हलक्या हाताचं नाव होतं. भाताची कामं उरकली की तो महाडच्या बाजारात बुरुडाकडं जाऊन वेत निवडायचा. डोळ्यांनी नाही, कानानं. काठी दगडावर सोडून द्यायची आणि ती कशी उडते ते ऐकायचं. “हिला झोप लागलीय,” म्हणून दहा काठ्या परत टाकायचा. बुरूड म्हणायचा, “बायको तरी एवढी पारखलीस काय रे?” पालखीला जाड टिपरू, कारण माणसं नाचवायची असतात. हळदीला बारीक, कारण हळदीत ढोलानं सनईच्या मागून चालायचं असतं. आणि त्याचं बारीक वाजवणं सुरू झालं की गर्दीतून भागोजीची हाक यायची, “वाजव रे, कुशा.” ती आली की कुशाबाचा हात आणखी नाजूक व्हायचा.

पारधीला मात्र खैराचंच. शिमगा झाला की गाव डुकराच्या पारधीला रानात उतरायचं; ढोल वाजवत, हाका घालत डुक्कर उठवणारे एका अंगाला, बंदुकीवाले दुसऱ्या अंगाला. जिकडून ढोल ऐकू येईल तिकडं माणसं आहेत, तिकडं बार टाकायचा नाही, हा नेम. तीन वर्षांमागं पालखीत सगळ्यांनी त्याच्या हाताची वाहवा केली होती. त्याच तोऱ्यात तो वेताचं बारीक टिपरू घेऊन घळीत उतरला. वारा उलटा होता. बंदुकीवाल्या येसाजीच्या कानावर ढोल गेला नाही. झुडूप हललं, त्यानं बार टाकला, आणि झुडपात भागोजी होता.

तेव्हापासून कुशाबा लग्नाला, पालखीला, सगळीकडं खैरानंच झोडत होता. ढोलाची चामड्याची दोन पानं फुटली. लोक म्हणाले, दुःखानं हात जड झाला बिचाऱ्याचा.

भिकू दारात आला. “वैनीनं बोलावलंय.”

ठकूबाई आतल्या खोलीत कणगीला टेकून बसली होती. नवरा गेलेल्या बाईनं हळदीच्या जागी यायचं नाही. पोटच्या पोरीची हळद तिला भिंतीआडूनच ऐकायची होती. कुशाबानं माळ्यावर फेकलेलं ते त्या दिवसाचं वेताचं टिपरू तिनं काढून, पुसून मांडीवर ठेवलं होतं.

“बसा भावजी.”

“बसत नाय. बोल.”

“पोरगी पिवळी झालेली मला दिसायची नाय. कानांवर येईल तेवढीच माझी हळद. सकाळधरनं नुसतं धाडधाड आयकतेय. भिंतीचा पोपडा पडला डोक्यावर.”

“सहदेवला सांग. तो बारीक वाजवतो.”

“सहदेवचा हात ह्यांना आवडायचा नाय.”

कुशाबा ढोलाची दोरी चाचपत राहिला. मग म्हणाला, “वैनी, त्या दिवशी माझ्या हातात हेच होतं.”

“मला ठाव हाय.”

त्यानं वर पाहिलं.

“येसाजी बाराव्याला येऊन रडला. म्हणाला, ढोल आयकायलाच आला नाय. तवाच समजले.”

“आन् तीन वर्सं मला जेवायला वाढतेस?”

“मग काय उपाशी ठेवू?”

बाहेर कुणीतरी हळदीची वाटी कुठं गेली म्हणून ओरडत होतं. कुशाबा खाली बसला.

“एक तुला ठाव नाय. दादानं हाक मारली होती. ‘वाजव रे, कुशा.’ त्याला ढोल आयकायला येत नव्हता म्हणून त्यानं हाक दिली. मला वाटलं, खूश झालाय नेहमीसारखा. मी आणखीन बारीक वाजवलं.”

ठकूबाईनं पदर तोंडाशी धरला. मग अगदी हळू म्हणाली, “आजून येती?”

“काय?”

“हाक.”

खोटं बोलावं असं त्याला वाटलं. पण तिची नजर हटेना.

“वेतानं वाजवलं की येती. दोन ठोक्यांच्या मधी. अगदी मागं उभा असल्यासारखी. खैरानं वाजवलं की मधी जागाच राहत नाय.”

“मला एकदा बी आली नाय,” ठकूबाई म्हणाली. “सपनात येतात, पण तोंड उघडत नाय. आवाज कसा होता ते बी आता ध्यानात येत नाय माझ्या.” तिनं टिपरू पुढं केलं. “मी भिंतीला कान लावून बसते. तुमी मधी जागा ठेवा.”

“मला नाय सोसत ते, वैनी.”

“तीन वर्सं एकटेच आयकताय तुमी. पोरीच्या हळदीला बाप आला, तर मला बी आयकू द्या.”

भिंतीपलीकडं सनईनं सूर धरला आणि ढोलासाठी थांबली. प्रयागला पाटावर बसवल्याचा गलका झाला. कुशाबानं ढोल गळ्यात अडकवला. खैराचं टिपरू कणगीपाशीच राहिलं. त्यानं तिच्या हातातलं वेताचं घेतलं.

“भावजी,” ठकूबाई भिंतीकडं सरकत म्हणाली, “कुठल्या अंगानं येती, तेवढं तरी सांगून जा.”

कुशाबा ठेंगण्या दारातून वाकून बाहेर गेला.