डिम्प्नाचे सहा फोटो

आयर्लंडमधल्या लीट्रिमच्या गुरांच्या बाजारात फेलिम मॅकगॉवर्नचा शब्द म्हणजे काटा. कुंपणाला टेकून तो कालवडीकडं एकदा बघायचा आणि म्हणायचा, "चारशे बारा." काट्यावर चारशे दहा किलो भरायची. गावच्या जत्रेत बैलाचं वजन ओळखायची पैज असते, त्यात त्याला बारा वर्षांपूर्वीच बंदी घातली होती. त्या बंदीचा त्याला केवढा तोरा!

म्हणून ऑक्टोबरात त्याच्या कालवडीच्या खरेदीदारानं 'दर महिन्याला फोनवर फोटो काढा, त्यावरून वजन धरू' अशी अट घातली, तेव्हा तो भडकला. "उद्या फोटोचंच दूध काढा म्हणावं!"

पण अट ती अट. महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्चमधून आल्यावर, बायको डिम्प्ना दावं धरून कालवडीला आडवी उभी करायची. फेलिम फोटो काढायचा आणि फोटोवरून फोननं दाखवलेला वजनाचा आकडा बघून शिव्या घालायचा.

"अरे, फोनला ऐकू येत नाही," डिम्प्ना म्हणायची.

"त्या मेल्याला दिसतही नाही!"

मार्चमध्ये त्यानं कालवड खऱ्या काट्यावर चढवली. फोन म्हणत होता चारशे एकोणचाळीस, फेलिम म्हणत होता चारशे एकवीस. काटा चारशे वीसवर थांबला. थंडीत वाढलेले केस फोनला मांस वाटले होते. फेलिम छाती फुगवून घरी आला आणि खरेदीदाराची जिरवायला सगळे फोटो एकापाठोपाठ बघू लागला.

तिसऱ्या फोटोपाशी त्याचं बोट अडखळलं. दावं धरलेल्या डिम्प्नाचा कोट तोच, निळा. ऑक्टोबरात त्याची बटणं ताणलेली होती, मार्चमध्ये तो अंगाभोवती गुंडाळलेला. सवयीच्या नजरेनं न विचारता आकडे मांडले. अडुसष्ट, सहासष्ट, बासष्ट. शेवटी एकावन्न. सहा महिने तो तिच्यासमोर बसून जेवला होता आणि बघत राहिला होता कालवडीकडं. त्याला स्वतःची किळस आली.

तो तसाच स्वयंपाकघरात गेला. डिम्प्नानं त्याचा चेहरा पाहिला आणि बटाटे सोलायची थांबली.

"आज बोलणार आहेस वाटतं," ती म्हणाली. "पोटात गाठ आहे. डॉक्टरनं नोव्हेंबरात सांगितलं. तुला तर आधीच दिसलं असणार. जनावर किलोभर उतरलं तरी तुला कळतं रे. तू बोलेनास, म्हटलं, याला सोसत नसेल. मग मीही गप्प राहिले."

खरं उत्तर फेलिमच्या ओठांपर्यंत आलं. त्यानं ते गिळलं.

"हो," तो म्हणाला. "पहिल्याच महिन्यात दिसलं होतं."