मिस कॉलवर जगलेला नंबर

"तिचो नंबर मी जपलंय मा. तेच्यातलो एक पैसोय जावक देवक नाय," घरापुढच्या खळ्यात अडाळ्याच्या पात्यावर बांगडे कापता कापता काकी शेजारच्या मावशीला सांगत होती. मी आदल्या दिवशीच मस्कतहून आले होते आणि आत बसून ऐकत होते.

त्या काळात माझं अर्धं वर्ष मस्कतला आईबाबांकडे जाई आणि अर्धं मालवणात, काका-काकीकडे. माझं इथलं सिम तिकडे नेलं तर आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. म्हणून जाताना मी ते काकीच्या हँडसेटमध्ये घालून ठेवत असे; तिचं स्वतःचं सिम नव्हतं. या खेपेला तो नंबर टिकायलाच हवा होता. कुडाळच्या एका कारखान्यात ऑफिसातल्या जागेसाठी मी अर्ज केला होता, त्यावर हाच नंबर दिला होता आणि ते फोनवरच कळवणार होते. नोकरी लागली तर मला मस्कतला परतायचं नव्हतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मालवणी कळत असूनही बोलताना जीभ अडखळायची, आणि मनातलं तर कुठल्याच भाषेत बाहेर पडत नसे.

मावशी गेल्यावर काकीने हात पुसून फोन माझ्यापुढे धरला. बॅलन्स खरंच मी ठेवून गेले होते तेवढाच होता. फोन मात्र रोज वाजत होता. होडी किनाऱ्याजवळ येऊन रेंज लागली की काका एक रिंग देऊन कापत. काकी टोपल्या उचलून बंदरावर निघे. मावशीची रिंग म्हणजे गप्पा मारायला ये. आमच्या वाडीत फोन उचलायचा नसे, नुसता ऐकायचा असे. आता बंदरावर जो तो फोनवर मोठमोठ्याने बोलत असतो, तेव्हा मला ती एकच रिंग आठवते आणि तिच्यामागोमाग पायांत चपला सरकवणारी काकी.

रोज वाजतो म्हणजे नंबर जिवंत आहे, असं तिने धरलं होतं. कंपनीचे मेसेज साचले होते, सगळे इंग्रजी. शेवटचा त्याच सकाळचा होता. या नंबरवरून कित्येक महिन्यांत एकही कॉल झालेला नाही, आज झाला नाही तर तो बंद होईल. मी तो मराठीत सांगितला तसा काकीचा चेहरा उतरला. इतकी काटकसर करून जपलेलं, आणि कंपनीला ते खर्च केलेलं हवं होतं.

मी मावशीला फोन लावला. तिने कापला आणि कुंपणापलीकडून विचारलं, "मिस कॉल कित्याक दिलंस गो?" काकीने तिथूनच तिला समजावलं, पण उचलला की आपलेही पैसे जातात या धास्तीने तिने पुन्हा कापला. मग माझ्या कणकवलीच्या मैत्रिणीला लावला, तर तिने कापून उलट मिस कॉल दिला.

"काकाक लाव," काकी म्हणाली. होडी किनाऱ्याजवळ यायची वेळ झाली होती.

काकांनीही दोनदा कापला. तिसऱ्यांदा लावल्यावर मात्र उचलला. मागे इंजिन धडधडत होतं.

"काय जाला गो? काकी बरी आसा मा?"

आवाज घाबरलेला होता. आमच्या घरात उचलण्यासाठी फोन येई तो कुणी आजारी पडलं किंवा गेलं तरच. नंबर वाचला होता. काही नाही म्हणून ठेवून देता आलं असतं. पण त्यांनी इंजिन बंद केलं होतं, आणि तिकडे फक्त पाण्याचा आवाज राहिला होता. ते थांबून ऐकत होते.

"काकी बरी आसा," मी म्हणाले. "काका, माका मस्कताक परत जावचा नाय. माका हयच रवाचा आसा."