आंघोळ न करता या

मित्सुए ओकुदा मूळची ओसाकाची, म्हणजे तोंडाने फटकळ. लग्न होऊन क्योटोत आली, नवरा गेल्यावरही इथेच राहिली आणि एका अरुंद गल्लीत माडीवर शिआत्सूची खोली चालवते. अंगठ्याने, तळव्याने अंग दाबून दुखणं सैल करायचं, हा तिचा धंदा. दाबायला कुणीही दाबेल, कुठे दाबायचं ते ठरवण्यात खरी गंमत, असं तिचं म्हणणं. माणूस जिना कसा चढतो, चपला काढताना कोणत्या पायावर तोलतो, वाकून नमस्कार करताना कुठे अडतो, हे ती चहा ओतता ओतताच बघून घेते. मग त्याला उताणं निजवून पोटावर तळवा ठेवते. पोट कुठे ताठ आहे, कुठे पोकळ लागतंय, त्यावरून पुढचा बेत ठरतो. त्या तळव्याचा तिला भारी गर्व होता. हिसानागासाननी तो चांगलाच उतरवला.

हिसानागासान तातामी शिवतात. घराघरांत जमिनीवर अंथरायच्या त्या जाड गवती बैठका हाताने शिवणारे गल्लीत ते एकटेच उरले होते, आणि त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. सुतळी घट्ट ओढायची तर हात वर जायलाच हवा. शेजारच्या देवळाच्या मोठ्या दालनातल्या सगळ्या तातामी हिवाळ्याआधी बदलायच्या होत्या. तोवर हात सुधारला नाही तर काम यंत्रवाल्याकडे जाणार आणि म्हातारबुवा दुकान कायमचं बंद करणार. हे त्यांच्या बायकोने, सुमीसानने, मित्सुएच्या कानावर घातलं होतं. स्वतः ते कसले बोलतायत!

मित्सुएने जीव ओतला. पण दर खेपेला हिसानागासान संध्याकाळी साबणाचा वास घेऊन यायचे, आणि बघावं तर पोट मऊ, पाठ कोमट, सगळं सैल.

"इथे दुखतं का?"

"छे, छे."

"जोर जास्त होतोय का?"

"अगदी बरोबर आहे, सेन्सेई."

सेन्सेई म्हणजे गुरू; पण या गुरूच्या तळव्याला काहीच सापडेना, तेव्हा ती बिचारी खांद्यालाच धरून बसली. उन्हाळा सरला, तरी हात होता तिथेच.

एके दिवशी सकाळीच हिसानागासान दारात उभे. हातात मिठाईचं खोकं, रेशमी रुमालात बांधलेलं. मित्सुएने ओळखलं. तुमच्या हाताला गुण नाही, असं क्योटोत कुणी तोंडावर सांगत नाही. मिठाई देतात, आभार मानतात आणि पुन्हा फिरकत नाहीत.

"फार त्रास दिला तुम्हाला," ते वाकून म्हणाले. "आता जरा विश्रांती घ्यावी म्हणतो."

क्योटोची बाई असती तर तीही वाकली असती. मित्सुएने खोकं बाजूला ठेवलं आणि त्यांची बाही धरली. "विश्रांती मग घ्या. आधी आडवे व्हा. शेवटचं एकदा पोट बघते."

"आज? नको, नको! आज मी आंघोळ करून आलो नाही."

"मग काय झालं? मी काय तुम्हाला खाणारे?"

"असं कसं, सेन्सेई? तुम्ही अंगाला हात लावणार. कामाच्या घामाने, गवताच्या धुळीने मी तुमच्याकडे यायचं? आधी न्हाणीघरात जाऊन चांगला कढत पाण्यात बसतो, अंग लाल होईपर्यंत. मगच येतो."

मित्सुएने कपाळावर हात मारला. एवढे दिवस ती उकडलेलं रताळं तपासत होती. दुखणारा माणूस न्हाणीघराच्या हौदात राहायचा आणि तिच्याकडे यायचा तो दुसराच कुणीतरी.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

तेही खरंच. बळेबळे निजवलं, तर डावीकडे ओटीपोट फळीसारखं ताठ आणि उजवी कंबर पोकळ. गुडघ्याने तातामी दाबून धरायची आणि कोपराने सुतळी खेचायची, अशी सारी हयात गेलेली. कंबर कधीच थकली होती आणि तिचं ओझं खांदा वाहत होता. मित्सुएने जुना बेत मोडीत काढला. खांद्याला आता हातच लावायचा नाही. कंबर, मांडी, पोटरी.

"आणि उद्यापासून कामावरून थेट इकडे. आंघोळ न करता."

हिसानागासान कानापर्यंत लाल झाले. "गल्लीतले लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, ओसाकाच्या बाईने म्हाताऱ्याला बिघडवलं. म्हणू देत. देवळाचं काम हवंय की नको?"

त्यांनी उठून बाही सारखी केली. मग अगदी हळू म्हणाले, "हवंय."

दुसऱ्या दिवसापासून ते येऊ लागले, डोक्यात गवताच्या काड्या, मान खाली, भिंतीच्या कडेकडेने. पानं पिवळी पडू लागली तेव्हा एका सकाळी सुमीसान धापा टाकत जिना चढून आली, ओला हात एप्रनला पुसत. मित्सुएला वाटलं, आता आंघोळीवरून हिचं ऐकून घ्यावं लागणार.

"सेन्सेई, सुतळी ओढली की आवाज येतो ना, खर्रर्र असा? वर्षभर तो अर्ध्यावरच तुटायचा. एकदा ओढायचे, थांबायचे, पुन्हा ओढायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि काही बोलायचे नाही." ती जिन्याच्या कठड्याला टेकली. "आज एका दमात आला. मी नुसती उभी राहिले, सार उतू गेलं."

"आणि ते काय म्हणाले?"

"माझ्याशी कुठले बोलतायत! देवळात गेलेत, काम आम्हीच करणार म्हणून सांगायला."

मित्सुएला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. तिने सुमीसानला आत ओढलं आणि चहाचं आधण ठेवलं.