वेदीच्या दगडातले शिंपले

दगडात समोरच्याचं तोंड दिसेपर्यंत तो घासणं थांबवायचा नाही, म्हणून सगळा बाजार त्याला चकाकी म्हणायचा. ओटे, पायऱ्या, थडगी. उभा जन्म घासण्यात गेला. चर्चच्या वेदीचा दगड मात्र पहिल्यांदाच हाती आला, आणि पहिल्याच घासणीत त्यातून शिंपला वर आला.

चकाकीनं मशीन थांबवलं. असले शिंपले कोट्यवधी वर्षांचे, तेव्हा इथे समुद्र होता, असं खाणीवरच्या भूगर्भवाल्या साहेबानं त्याला मागंच सांगितलं होतं. तेव्हा तो हसला होता. पण तेव्हा त्याची पोर जिवंत होती. आता ती मातीखाली, आणि मरण उरणार नाही हे वचन पवित्र शास्त्राच्या, बायबलच्या, शेवटच्या पानांत. पहिल्या पानावरचे जग घडवल्याचे सहा दिवस खोटे निघाले, तर शेवटच्याचा भरवसा काय?

तो घासत सुटला. एक शिंपला गेला, खाली दोन निघाले. ते घालवले, तर मूठभर! मशीनचा आवाज थांबेना म्हणून बायको आली.

"अहो, वेदी करताय की कागद?"

त्यानं नुसतं बोट दाखवलं. तिनं वाकून पाहिलं. खाणीवरच्या साहेबाचं बोलणं तिलाही ठाऊक होतं.

"म्हणजे आपली पोर..."

"गप!"

"चर्चच्या पाळकांना बोलावते."

"नको गं. ते हो म्हणाले तर?"

ती गेलीच. पाळक आले तेव्हा दगडावर पोतं होतं. त्यांनी ते उचललं, शिंपल्यावरून अंगठा फिरवला.

"सूर्य कितव्या दिवशी झाला, चकाकी?"

"चौथ्या."

"मग आधीचे तीन दिवस कुणाच्या घड्याळानं मोजले? ते आपले दिवस नव्हेतच. केवढे लांब, ते हा दगड सांगतो. करणारा कोण, ते शास्त्र सांगतं."

"आणि शेवटचं पान, साहेब? त्याचाही अर्थ असाच वेगळा?"

पाळकांनी शिंपल्यावरचा अंगठा काढला.

"ते कुठल्या दगडात सापडायचं नाही," ते हळूच म्हणाले. "तुमच्या पोरीच्या मातीला ते पान वाचताना माझीही जीभ कोरडी पडली होती. तरी खरं मानूनच वाचलं. आता घासू नका, फुटेल. नुसतं पॉलिश करा."

बायकोनं दगडावर पाणी सोडलं. चकाकीनं मशीन धरलं, पण बटण दाबायला बोट उचलेना.

"साहेब," तो म्हणाला, "हे होईपर्यंत इथेच बसाल का?"

पाळकांनी पोतं अंथरलं.