तात्यांचा चौकोन

कळपातलं कुठलंही कोकरू उचललं की तात्या त्याची आई, आजी आणि पणजी सांगायचे. तेही नुसतं कानाकडं बघून. पाचोडच्या बाजारात व्यापारी मुद्दाम थांबून त्यांची परीक्षा घेत. तात्या माझे सख्खे चुलते. वडील लवकर गेले, तेव्हा मला आणि धाकट्या सुमनला त्यांनीच वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही.

मेंढरांमागं चालता चालता ते मधेच थांबून कुणाशी तरी भांडायचे. समोर कुणी नसायचं. "कोण हाय, तात्या?" असं विचारलं की म्हणायचे, "माझं पाव्हणं हायती. तुला नाय दिसायचं, तू अभ्यास कर." सरकारी दवाखान्यात आजाराचं नाव कळलं, स्किझोफ्रेनिया. उपचार सुरू झाले आणि ते पाहुणे कमी यायला लागले.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला मीच. हे मी अजूनही छाती काढून सांगतो. नोकरी लागली ती उस्मानपुऱ्यातल्या एका संशोधन प्रकल्पात. हाच आजार घराण्यात कसा उतरतो, कोणत्या जनुकांमुळं धोका वाढतो, ते शोधायचं काम. मी घरोघरी जाऊन वंशावळ काढायचो. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजारी असेल तो काळा करायचा. मग घरातल्या सगळ्यांचं रक्त. लोक लपवायचे. मी समजावायचो, "हे एका जनुकाचं काम नाही. पुष्कळ आहेत, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. दोष कुणाचाच नाही, लाजता कशाला?"

घरी माझ्याकडून हे ऐकून तात्या एकदा म्हणाले, "मेंढरात बी तसंच हाय. दोन पांढऱ्यांपोटी काळं निघतं, मागं कुठंतरी काळी असतीच. म्हणून काय आपण मेंढी झाकून ठेवतो व्हय?"

त्याच वर्षी सुमनला बघायला चिकलठाण्याहून पाहुणे आले. मुलगा कारखान्यात कायम. मी सकाळीच तात्यांना मेंढरं घेऊन लांब जायला सांगितलं. ते गेले. पण पाहुण्यांना पाणी कोण देईल, या काळजीनं मधूनच परतले आणि तांब्या घेऊन उभे राहिले.

"हे कोण?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"गडी आहे," मी म्हणालो.

तात्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. "व्हय पाव्हणं, सालगडी हाय मी. पाणी घ्या." लग्नाच्या दिवशीही मी त्यांना रानातच ठेवलं.

पुढं प्रकल्पासाठी आमच्या भागातली कुटुंबं हवी होती. मी नळी, सुई घेऊन तात्यांपुढं बसलो. त्यांनी बाही वर केली. "काढ की. पर नावापुढं गडीच लिव्ह. पोरीच्या सासरी कळाया नको." नातं न लिहिलेलं रक्त आमच्या कामाचं नसतं. आणि त्यांचा काळा चौकोन काढला असता तर त्याच कागदावर सुमनचा गोल आला असता. मी सुई परत पेटीत ठेवली. त्यानंतर वर्षभरात तात्या गेले. सासरी तोंड उघडू नको, असं सुमनला मीच बजावलं होतं.

यंदा सुमनची मुलगी कॉलेज सोडून खोलीत बसली, भिंतीशी बोलू लागली. अंगारे-धुपाऱ्यांत कितीतरी महिने गेले. शेवटी डॉक्टरांकडं नेलं, मीही सोबत होतो. त्यांनी विचारलं, "घराण्यात आणखी कुणाला?"

"दोन्हीकडं कुणालाच नाय," दाजी ठामपणे म्हणाले.

सुमन माझ्याकडं बघत राहिली. मीच म्हणालो, "आमच्या सख्ख्या चुलत्यांना होता."

"कुठले चुलते? आम्ही तर कधी बघितले नाय!"

"बघितलेत. तुम्ही सुमनला बघायला आलात, तेव्हा पाणी त्यांनीच दिलं."

दाजी सुमनकडं वळले. डॉक्टर मात्र पुढं सरकले. "औषधानं फरक पडला होता का?"

"लई," सुमन पहिल्यांदाच बोलली.

"कोणतं औषध? रक्ताच्या नात्यात लागू पडलेलं औषध कळलं, तर मदत होते."

"दादाला ठाऊक असंल. ह्याच कामात हाय तो."

परक्या घरांतल्या रोग्यांच्या गोळ्यांची नावं मी वर्षानुवर्षं लिहून घेतली होती. तात्या कोणती गोळी घेत, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.