गवंड्याचा वाफा

घरामागे दहा बाय बारा फुटांची मोकळी जागा होती आणि तिच्यावर दोघा भावांचा डोळा होता. थोरला ट्रक चालवून निवृत्त झालेला. त्याला तिथे जुने टायर ठेवायला पत्र्याची शेड हवी होती. धाकटा गवंडी. चाळीस वर्षं लोकांच्या घरांचे पाये भरले, गुडघ्याने दगा दिला तेव्हा थापी खाली ठेवली. त्याला तिथे भाजी लावायची होती. उभ्या जन्मात त्याने कोथिंबिरीची काडी लावलेली नव्हती.

“चार महिने देतो,” थोरला म्हणाला. “एका दिवशी दोन्ही घरांची, आठ माणसांची भाजी तुझ्या वाफ्यातून निघाली तर जागा तुझी. नाहीतर दुसऱ्या दिवशी खांब रोवणार.”

गवंडी हो म्हणाला. घरी बसून सहा महिने झाले होते आणि खुर्चीत बसून दिवस काढणं त्याला जमत नव्हतं. जागा गेली तर खुर्चीच उरणार होती.

कामात त्याने कसूर केली नाही. आठ दिवसांत दोन फूट खोदलं. राडारोड्याची पंचाऐंशी घमेली निघाली, ती डोक्यावरून गल्लीच्या टोकाला नेऊन टाकली. माती आणि शेणखत आणलं. दोरी लावून कडेच्या विटा बसवल्या. मग माती भरली, सहा इंचांचा थर, वर पाणी, की धुम्मसाने ठोक. पुन्हा थर, पुन्हा ठोक. शेवटी लेव्हल ठेवून पाहिली. बुडबुडा मधोमध. त्यात त्याने भेंडी, वांगी, टोमॅटो पेरले.

पंधरा दिवस गेले. पाणी वाफ्यावर डबक्यासारखं उभं. कोंब एकही नाही.

थोरल्याची बायको शेतकऱ्याच्या घरात वाढलेली. कपडे वाळत घालायला आली, तेव्हा तिने टाचेने वाफा दाबून पाहिला.

“भाऊजी, वाफा केलात की पाया घातलात?”

“का? पक्का झालाय.”

“तेच म्हणते. यावर दोन मजले चढतील. मुळी नाही उतरायची.”

दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन गवंड्याने सगळं पुन्हा खोदलं, ढेकूळ न् ढेकूळ हाताने फोडलं. स्वतःचंच पक्कं काम मोडताना जीव तुटत होता, पण अर्धवट मोडलं नाही.

पुन्हा बी पेरलं आणि या वेळी रोपं आली. टोमॅटो वीतभर झाले आणि मग पिवळे पडले. वांग्यांनी मान टाकली. गवंडी दिवसातून तीनदा पाइप धरून उभा राहत होता.

“अहो, तो स्लॅब नाहीये,” त्याची बायको म्हणाली. “एकवीस दिवस पाणी मारत बसाल तर कुजेल नाहीतर काय.”

एक रोप उपटून पाहिलं. मुळं काळी, मऊ. भेंडी तेवढी उभी होती, तिला माव्याची कीड लागली. पन्नास दिवस गेले होते. थोरल्याने पत्रे आणून भिंतीला टेकवून ठेवले.

“घाई नाही,” तो म्हणाला. “इथेच राहू देत, लागणारच आहेत.”

त्या संध्याकाळी वहिनीने नवऱ्याच्या नकळत दुधीच्या आठ बिया गवंड्याच्या हातावर ठेवल्या. “आणि पाणी द्यायच्या आधी बोट खुपसायचं. दोन पेरं कोरडी लागली तरच द्यायचं.”

बिया रुजल्या. वेल चढायच्या आत गवंड्याने लोखंडी पाइपांचा मांडव उभा केला, चारही कोपऱ्यांना तिरके टेकू दिले.

“हत्ती टांगणारेस का?” थोरला.

“दुधी.”

“दुधीला एवढं?”

“मोडल्यावर पुन्हा बांधायची सवय नाही मला.”

वेल मांडवभर पसरला, फुलं आली. पण अंगठ्याएवढे दुधी पिवळे पडून गळू लागले. अकरा गळले. चहूबाजूंनी भिंती, मधमाशी फिरकत नव्हती. संध्याकाळी फुलं उमलली की नराचं फूल तोडून मादीच्या फुलात फिरवायचं, हेही वहिनीनेच सांगितलं. दुखऱ्या गुडघ्याने गवंडी रोज स्टुलावर चढायचा. एकही संध्याकाळ चुकली नाही. चौदा दुधी धरले.

मुदतीच्या आठवडाभर आधी वादळ झालं. भिंतीला टेकवलेले पत्रे उडून शेजाऱ्याच्या दारात पडले. मांडवाचा एक पाइप हलला नाही.

शेवटच्या दिवशी गवंड्याने हातभर लांबीचे सहा दुधी कापले. त्यांतल्या दोनांतच आठ माणसांची भाजी झाली. दोन्ही घरं एकत्र जेवायला बसली. थोरल्याने दोनदा वाढून घेतलं.

“मीठ कमी आहे,” तो म्हणाला.

“मीठ मी घातलंय,” वहिनी म्हणाली. “तुम्ही दुधीचं बोला.”

थोरल्याने बोटं चाटली. “दुधी बरा आहे.” मग धाकट्याकडे न बघता म्हणाला, “माझ्या खिडकीखाली चार फूट पट्टा पडलाय. तिथेही एखादा वेल चढेल की.”

“चढेल. आधी खोदावं लागेल. दोन फूट.”

“तू खोदशील ना?”

“मी दाखवीन,” गवंडी म्हणाला आणि उठून कुदळ आणून त्याच्यापाशी ठेवली.

तीन दिवस थोरला घामाघूम होऊन खोदत होता. चौथ्या दिवशी त्याने धाकट्याला बोलावलं. गवंड्याने खड्ड्यात टेप सोडली.

“दीड झालंय,” तो म्हणाला. “अजून अर्धा.”